घरच्या काचपेटीत झेब्रा माशांचा थवा

शहरातच नव्हे तर तालुक्याच्या गावी आणि मोठ्या खेड्यांतही शोभेचे मासे पाळण्याची हौस वाढत आहे. आठवड्याच्या बाजारातून किंवा जत्रेतून मुलांच्या आग्रहाखातर दोन रंगीत मासे प्लास्टिकच्या पिशवीत घरी येतात, काचेच्या गोल भांड्यात सोडले जातात, त्यांना दिवसातून चार-पाच वेळा खाद्य टाकले जाते आणि आठ-दहा दिवसांत ते पाण्यावर तरंगताना दिसतात. मग भांडे घासून माळ्यावर जाते आणि 'मासे आपल्या घरात जगत नाहीत' असा समज कायमचा होऊन बसतो. मूल मात्र काही दिवस रिकाम्या जागेकडे पाहत राहते.

वास्तविक या माशांपैकी फारच थोडे रोगाने मरतात. बहुतेक मासे मरतात ते न मुरलेल्या पाण्यामुळे, आणि त्यांच्या मरणास घाईने टाकलेले खाद्य हातभार लावते. मासा पाळावयाचा म्हणजे प्रथम पाणी पाळावयाचे, ही एक गोष्ट ध्यानी घेतली तर साध्या साधनांनी आणि बेताच्या खर्चात माशांचा एक लहानसा थवा घरात दोन-तीन वर्षे सुखाने ठेवता येतो. नवशिक्या माणसास त्यासाठी झेब्रा मासा हा सर्वांत सोयीचा आहे. त्याच्या संगोपनाची माहिती येथे क्रमाने दिली आहे.

माशाची ओळख

झेब्रा मासा हा मूळचा आपल्याच देशातला आहे. भारत, नेपाळ व बांगलादेश येथील संथ ओढे, नद्यांच्या कडेची उथळ डबकी आणि भातखाचरे यांत तो आढळतो. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत असलेले वैद्य फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी गंगा नदी व तिच्या उपनद्यांतील माशांवर ग्रंथ लिहिला. १८२२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या ग्रंथात या माशाचे पहिले शास्त्रीय वर्णन आले. डॅनियो रेरियो हे त्याचे शास्त्रीय नाव होय. त्यातील 'डॅनियो' हा शब्द 'धानी', म्हणजे धानाच्या शेतातील, या बंगाली शब्दावरून आला आहे. भातशेतीशी असलेले त्याचे नाते असे नावातच उमटले आहे.

पूर्ण वाढलेला मासा सुमारे ४ सेंटिमीटर लांब असतो. रुपेरी-सोनेरी अंगावर डोक्यापासून शेपटीच्या टोकापर्यंत निळसर काळे पट्टे आडवे गेलेले असतात. नर सडपातळ व पिवळसर झाकेचा असतो, तर मादी पोटाशी फुगीर व अधिक रुपेरी दिसते. चांगली निगा राखल्यास हा मासा २ ते ३ वर्षे आणि क्वचित त्याहून अधिक जगतो.

या लहानशा माशाने शास्त्राच्या जगातही मोठे स्थान मिळविले आहे. त्याची अंडी पारदर्शक असून गर्भाची वाढ बाहेरून पाहता येते. अमेरिकेतील ओरेगॉन विद्यापीठात जॉर्ज स्ट्रायसिंगर यांनी त्यावर आनुवंशिकतेचे प्रयोग केले आणि १९८१ साली त्यांचे महत्त्वाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तेव्हापासून जगभरच्या प्रयोगशाळांत हा मासा पाळला जाऊ लागला. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि पुण्याची आघारकर संशोधन संस्था येथेही त्यावर संशोधन झाले आहे. ज्या माशास प्रयोगशाळांत हजारोंच्या संख्येने निरोगी ठेवता येते, तो घरातील काचपेटीत आठवड्याभरात मरावा याचे कारण माशात नसून पाण्यात आहे, हे यावरून स्पष्ट होईल.

थवा कशासाठी

झेब्रा मासा हा थव्याने राहणारा आहे. उघड्या पाण्यात बगळा, खंड्या व मोठे मासे यांच्यापासून बचाव करण्यास एकट्या माशापाशी काही साधन नसते. थव्यात मात्र अनेक डोळे एकाच वेळी धोका पाहतात, आणि एकसारख्या पट्ट्यांचे अनेक मासे एकदम वळले की शत्रूला त्यांतील नेमका एक हेरणे कठीण जाते. डोळ्यांनी दिसणारी शेजाऱ्याची हालचाल आणि अंगाच्या दोन्ही बाजूंस असलेल्या संवेदनशील रेषेस जाणवणारे पाण्याचे स्पंदन यांच्या साहाय्याने हे मासे परस्परांशी ताळमेळ राखतात.

एक किंवा दोनच मासे ठेवल्यास ते कोपऱ्यात दबून बसतात, नीट खात नाहीत आणि फिकट पडतात. या जातीत बळी तो कान पिळी असा प्रकारही असतो. तीन मासे ठेवले असता त्यांतील दांडगा मासा दुबळ्याच्या मागे सतत लागून त्याचे पर कुरतडतो. संख्या वाढली की हा त्रास अनेकांत वाटला जातो आणि एकावर त्याचा भार पडत नाही. म्हणून ६ पेक्षा कमी मासे कधीही ठेवू नयेत. ८ ते १० ठेवणे उत्तम. त्यांत माद्यांची संख्या नरांहून थोडी अधिक असावी. जातीजातींचे दोन-दोन मासे आणून पेटी भरण्यापेक्षा एकाच जातीचा थवा ठेवणे माशांच्या हिताचे असते आणि डोळ्यांसही अधिक सुखावह वाटते.

काचपेटीची निवड व मांडणी

गोल भांडे या कामी निरुपयोगी आहे. त्यात पाणी थोडे मावते, हवेशी संपर्क येणारा पृष्ठभाग लहान असतो आणि झेब्रासारख्या चपळ माशास सरळ पोहण्यास जागा मिळत नाही. ६० सेंटिमीटर लांब, ३० सेंटिमीटर रुंद व ३० सेंटिमीटर उंच अशी आयताकृती काचपेटी १० माशांस पुरेशी होते. वरचा ५ सेंटिमीटर भाग मोकळा ठेवल्यास तीत ४५ लिटर पाणी मावते. तळाची वाळू वजा जाता ते ४० लिटरच्या आसपास राहते. उंच पेटीपेक्षा लांब पेटी पसंत करावी.

पाण्याने भरलेल्या अशा पेटीचे वजन वाळू व काच धरून ६० किलोच्या पुढे जाते. म्हणून ती डुगडुगत्या टेबलावर न ठेवता भक्कम व सपाट बैठकीवर ठेवावी आणि तळाशी थर्मोकोलचा पातळ तुकडा अंथरावा, म्हणजे काचेवर सारखा दाब येऊन ती तडकत नाही. पेटी एकदा भरल्यावर जागेवरून हलवू नये. जागा निवडताना थेट ऊन येणारी खिडकी टाळावी. उन्हाने पाणी तापते आणि शेवाळ माजते. चुलीचा धूर आणि देवघरातील उदबत्तीचा धूर यांपासूनही पेटी दूर असावी.

तळाशी ३ ते ४ सेंटिमीटर जाडीचा जाड वाळूचा किंवा बारीक गोट्यांचा थर द्यावा. वाळू निवळ पाणी निघेपर्यंत धुवावी, साबण मात्र वापरू नये. तीत चुनखडी आहे की नाही हे पाहण्यासाठी चिमूटभर वाळूवर लिंबाचा रस पिळावा; फेस आल्यास ती वाळू वापरू नये. तळी-ओढ्यांत मिळणारी हायड्रिला व व्हॅलिसनेरिया या पाणवनस्पती पेटीस फार उपयोगी पडतात. त्यांबरोबर गोगलगायी, जळवा आणि चतुराच्या अळ्या येण्याचा संभव असतो, आणि चतुराची अळी लहान मासे खाते. यासाठी वनस्पती प्रथम दोन आठवडे वेगळ्या बादलीत ठेवून, निरखून व धुऊन मगच पेटीत लावाव्यात. वनस्पती मागील बाजूस व कडांना लावून मधली जागा पोहण्यासाठी मोकळी सोडावी.

हवेच्या पंपावर चालणारा स्पंजाचा गाळक स्वस्त असून झेब्रा माशास पुरेसा होतो. पंप नेहमी पाण्याच्या पातळीहून उंच ठेवावा. तसे न केल्यास वीज गेल्यावर पाणी उलट नळीतून पंपात शिरते. विजेची तार खाली झोळासारखी लोंबती ठेवून मग खटक्याकडे न्यावी, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी खटक्यापर्यंत पोहोचत नाही. पाण्यात हात घालण्यापूर्वी विजेचे बटण बंद करावे. झेब्रा मासा उडी मारण्यात पटाईत असल्याने पेटीवर हवा जाईल असे झाकण असणे अगत्याचे आहे.

पाणी मुरविणे

आता सर्वांत महत्त्वाच्या भागाकडे वळावयाचे. कच्चे शेणखत पिकास घातले तर पीक करपते आणि तेच खत मुरल्यावर पिकास मानवते, हे प्रत्येक शेतकरी जाणतो. काचपेटीतील पाण्याचेही तसेच आहे.

मासा कल्ल्यांवाटे व विष्ठेवाटे जे टाकाऊ द्रव्य बाहेर टाकतो त्यात अमोनिया असतो. न खाल्लेले खाद्य कुजूनही अमोनियाच तयार होतो. नदीत तो वाहून व विरून जातो, परंतु ४० लिटरच्या पेटीत तो साठत राहतो. जमिनीत घातलेल्या अमोनियायुक्त खताचे जीवाणू प्रथम नायट्राइटमध्ये व नंतर नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. तीच क्रिया काचपेटीतही घडून येऊ शकते. अमोनिया व नायट्राइट ही दोन्ही माशास विषारी असतात, तर नायट्रेट बरेच सौम्य असून ते पाणी बदलून व वनस्पतींकडून कमी होते. ही क्रिया करणारे जीवाणू स्पंजावर, वाळूवर व काचेवर वस्ती करतात. नव्या पेटीत ते जवळजवळ नसतात आणि त्यांची पुरेशी वाढ होण्यास ४ ते ६ आठवडे लागतात. पहिल्याच दिवशी मासे सोडले तर ते आपल्याच मलमूत्राच्या विषात राहतात. आठ-दहा दिवसांत होणाऱ्या मृत्यूचे रहस्य हे असे आहे.

महाराष्ट्राच्या पठारी भागातील विहिरींचे व कूपनलिकांचे पाणी पुष्कळ ठिकाणी जड व विम्लधर्मी असते. झेब्रा मासा असे पाणी सहन करतो, ६.५ ते ८ पर्यंतचा सामू त्यास चालतो. मात्र सामू जसा वाढतो तसा अमोनिया अधिक घातक होतो. २५ अंश सेल्सियस तपमानास सामू ७ असता एकूण अमोनियापैकी विषारी स्वरूपातील भाग शेकडा अर्ध्याच्या आसपास असतो, तर सामू ८ असता तो शेकडा ५ च्या वर जातो. म्हणजे तेवढीच घाण सामू ८ च्या पाण्यात सुमारे दहापट मारक ठरते. ज्यांच्या घरी विहिरीचे जड पाणी वापरले जाते त्यांनी पाणी मुरविण्याच्या बाबतीत अधिकच सबुरी ठेवावयास पाहिजे.

पाणी मुरविण्याची रीत साधी आहे. पेटीत वाळू, वनस्पती व पाणी घालून गाळक अहोरात्र चालू ठेवावा. नळाचे पाणी क्लोरीनयुक्त असल्यास ते पसरट भांड्यात किमान २४ तास उघडे ठेवून मग वापरावे, किंवा दुकानात मिळणारे क्लोरीननाशक औषध बाटलीवर सांगितलेल्या प्रमाणात घालावे. कारण क्लोरीन माशांस अपायकारक असून उपयुक्त जीवाणूंसही मारतो. मासे नसलेल्या या पेटीत रोज चिमूटभर माशांचे खाद्य टाकावे. ते कुजून निघणाऱ्या अमोनियावर जीवाणूंची वाढ होते. ओळखीच्या माणसाकडे जुनी, निरोगी माशांची पेटी असेल तर तिच्या गाळकातील स्पंजाचा तुकडा आणून आपल्या पेटीत ठेवावा. दह्याला विरजण लावावे तसा त्याचा उपयोग होऊन मुदत कमी होते. शोभेच्या माशांच्या दुकानात मिळणाऱ्या तपासणी संचाने पाणी दर आठवड्यास तपासावे. प्रथम अमोनिया वाढतो व उतरतो, पाठोपाठ नायट्राइट वाढते व उतरते. खाद्य टाकणे चालू असूनही दोन्ही शून्यावर आली की पाणी मुरले असे समजावे. या काळात पाणी काही दिवस गढूळ झाले तरी घाबरून पेटी रिकामी करू नये.

मासे आणणे व सोडणे

दुकानात मासे निवडताना ते पेटीच्या सर्व भागांत चपळपणे पोहत आहेत, पर पसरलेले आहेत, पोट खपाटीस गेलेले नाही आणि अंगावर पांढरे ठिपके नाहीत, हे पाहावे. ज्या पेटीत एखादा मासा मेलेला दिसेल तीतील मासे घेऊ नयेत. संपूर्ण थवा एकाच वेळी आणणे इष्ट.

घरी आल्यावर पिशवी न उघडता २० मिनिटे पेटीतील पाण्यावर तरंगत ठेवावी, म्हणजे दोन्हीकडचे तपमान सारखे होते. नंतर पिशवी उघडून अर्ध्या तासात चार-पाच वेळा थोडे थोडे पेटीतील पाणी तीत घालावे. मग मासे जाळीने उचलून पेटीत सोडावेत. पिशवीतील पाणी पेटीत ओतू नये. पहिल्या दिवशी खाद्य देऊ नये व दिवा मंद ठेवावा. पुढील दोन आठवडे खाद्य नेहमीच्या निम्मे द्यावे, कारण जीवाणूंना नव्या भाराशी जुळवून घेण्यास तेवढा अवधी लागतो.

खाद्य

झेब्रा मासा किडे, अळ्या, सूक्ष्म जलप्राणी आणि थोडे शेवाळ असे सर्व खातो. दुकानातील कोरडे बारीक खाद्य त्यास पुरते. आठवड्यातून एक-दोनदा डाफ्निया किंवा डासांच्या अळ्या दिल्यास मासे तजेलदार राहतात. परंतु अळ्यांसाठी मुद्दाम पाणी साठवून डासांची पैदास करणे अयोग्य होय. गटारातून काढलेले तांबडे किडे देऊ नयेत. त्यांबरोबर रोग येतात.

खाद्य दिवसातून दोन वेळा, आणि प्रत्येक वेळी दोन मिनिटांत संपेल इतकेच द्यावे. मासा नेहमीच भुकेला दिसतो, त्यावर जाऊ नये. घरातील अनेक माणसांनी आपापल्या परीने खाद्य टाकणे हा पेटीचा घात आहे. हे काम एकाच व्यक्तीकडे, शक्य तर घरातील मुलाकडे, नेमून द्यावे. आठवड्यातून एक दिवस उपास घडला तरी निरोगी माशास काही अपाय होत नाही. भात, पोळीचे तुकडे किंवा बिस्किटे कधीही टाकू नयेत.

आठवड्याची निगा

दर आठवड्यास एक चतुर्थांश पाणी, म्हणजे सुमारे १० लिटर, बदलावे. रबरी नळीने तळाची घाण ओढून घ्यावी आणि आधीच क्लोरीन घालविलेले, तितक्याच तपमानाचे पाणी हळूहळू भरावे. काढलेले पाणी टाकून न देता परसातील भाजीस किंवा तुळशीस घालावे. त्यातील नायट्रेट हे नत्राचेच रूप आहे. मात्र पेटीत मीठ किंवा औषध घातले असेल तेव्हा ते पाणी झाडांस घालू नये.

स्पंज महिन्यातून एकदा, काढलेल्या पेटीच्या पाण्यातच दोनदा पिळून परत लावावा. नळाखाली तो चोळून धुतल्यास त्यावरील जीवाणूंची वस्ती नष्ट होते आणि मुरलेली पेटी पुन्हा कच्ची होते. सर्व पाणी उपसून पेटी 'लख्ख' धुण्याची सवय तर पूर्णपणे सोडून द्यावी. ती स्वच्छता माणसाच्या डोळ्यांस दिसते, परंतु माशाच्या दृष्टीने तो पुन्हा पहिला दिवस असतो.

उन्हाळा, हिवाळा व विजेचा खंड

झेब्रा माशास २२ ते २८ अंश तपमान मानवते. विदर्भ-मराठवाड्यातील कडक उन्हाळ्यात, विशेषतः पत्र्याच्या घरात, पाणी याहून बरेच तापते. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. २० अंशास लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर ३० अंशास साडेसात मिलिग्रॅमच मावतो. आणि नेमकी त्याच वेळी माशाची गरज वाढलेली असते. म्हणून उन्हाळ्यात पेटी घरातील सर्वांत थंड भिंतीशी असावी, तिच्या बाहेरील बाजूस ओले फडके लावावे, पाण्यावरून पंख्याचा वारा जाऊ द्यावा आणि खाद्य कमी करावे. बर्फ एकदम टाकू नये. हिवाळ्यात रात्रीचे तपमान फार उतरणाऱ्या भागात ५० वॉटचा तापक लावणे चांगले.

वीज काही तास गेल्यास घाबरण्याचे कारण नाही. मासे संख्येने बेताचे असतील तर पृष्ठभागावरून येणाऱ्या हवेवर ते निभावतात. खंड लांबल्यास पेल्याने पाणी उचलून वरून धार सोडावी, किंवा बॅटरीवर चालणारा लहान पंप जवळ ठेवावा. मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करू लागले तर ती प्राणवायू कमी पडल्याची खूण समजावी. अशा वेळी खाद्य मुळीच देऊ नये.

कीटकनाशकांपासून जपणूक

शेतकरी कुटुंबाने या बाबीकडे विशेष लक्ष पुरविणे जरूर आहे. सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन इत्यादी कृत्रिम पायरेथ्रॉइड वर्गातील कीटकनाशके माशांस अत्यंत अल्प प्रमाणातही मारक असतात. फवारणी करून आलेल्या माणसाने अंघोळ करून व कपडे बदलल्यावाचून पेटीस हात लावू नये. फवारणीसाठी वापरलेली बादली, मग किंवा नळी पेटीच्या पाण्यासाठी कधीही घेऊ नये, मग ती कितीही धुतलेली असो.

डासांसाठी लावावयाच्या अगरबत्त्या, विजेवर चालणारी द्रव औषधे व फवारे यांतही याच वर्गातील द्रव्ये असतात. पंप खोलीतील हवा ओढून पाण्यात सोडतो, हे विसरू नये. ज्या खोलीत पेटी आहे तेथे अशी औषधे न वापरता मच्छरदाणी वापरावी. गावात धूरफवारणी होणार असेल त्या वेळी दारे-खिडक्या बंद करून पंप थांबवावा, पेटी ओल्या फडक्याने झाकावी आणि हवा स्वच्छ होताच पंप पुन्हा सुरू करावा.

रोग व त्यांवरील इलाज

अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसणे व माशांनी दगडास अंग घासणे ही पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाची लक्षणे होत. हा रोग सूक्ष्म परोपजीवी प्राण्यामुळे होतो. लक्षणे दिसताच तपमान हळूहळू २८ ते ३० अंशांपर्यंत वाढवावे, हवा अधिक सोडावी आणि लिटरमागे १ ते २ ग्रॅम जाडे मीठ वेगळ्या पाण्यात विरघळवून दोन दिवसांत थोडे थोडे घालावे. ठिपके नाहीसे झाल्यावरही उपचार एक आठवडा चालू ठेवावा. काही पाणवनस्पतींना मीठ सोसत नाही, त्या तेवढ्यापुरत्या वेगळ्या काढाव्यात. पुढे कधी थव्यात नवे मासे घालावयाचे झाल्यास ते दोन आठवडे निराळ्या भांड्यात ठेवूनच मिसळावेत.

मासे मलूल दिसताच औषधांच्या बाटल्या ओतण्यापूर्वी पाणी तपासावे. अमोनिया किंवा नायट्राइट आढळल्यास एक तृतीयांश पाणी ताबडतोब बदलणे व खाद्य थांबविणे हाच खरा उपचार होय. हातास जखम असताना पेटीत हात घालू नये. माशांतील काही जीवाणू जखमेवाटे माणसासही त्रास देतात.

पैदास

झेब्रा माशाची वीण घरी करता येते आणि मुलांना तो एक उत्तम पाठ ठरतो. १० ते १५ लिटरच्या वेगळ्या भांड्यात १० ते १५ सेंटिमीटर खोल पाणी घ्यावे व तळाशी काचेच्या खेळावयाच्या गोट्यांचे दोन थर द्यावेत. आठवडाभर चांगले पोसलेली एक मादी व दोन नर संध्याकाळी त्यात सोडावेत. पहाटेच्या पहिल्या उजेडात मादी अंडी विखुरते. एका वेळी शंभर-दोनशे अंडी मिळणे अशक्य नसते. हे मासे आपलीच अंडी खातात. गोट्यांच्या फटीत गेलेली अंडी तेवढी वाचतात. म्हणून दुपारपूर्वी मोठे मासे परत काढून घ्यावेत.

२६ ते २८ अंशांस अंडी दोन ते तीन दिवसांत फुटतात. दुसऱ्या दिवसानंतर चांगल्या भिंगातून गर्भाची हालचाल व हृदयाचे ठोकेही दिसू शकतात. पांढरी पडलेली अंडी काढून टाकावीत. पिले प्रथम काचेस चिकटून राहतात आणि सुमारे पाचव्या दिवशी पोहू लागतात. त्या वेळी त्यांना सूक्ष्म प्राणिजीव लागतात. ते मिळविण्यासाठी चार-पाच दिवस आधीच एका बरणीत पाणी व कोबीचे पान किंवा वाळलेले गवत घालून ठेवावे आणि त्यातील गढूळ पाण्याचे काही थेंब दिवसातून दोन-तीनदा द्यावेत. आठवडा-दीड आठवड्यानंतर अतिशय बारीक खाद्य सुरू करावे. सुमारे तीन महिन्यांत पिले प्रौढ होतात.

ज्यांना यातून जोडधंदा करण्याची इच्छा होईल त्यांनी प्रथम एक वर्ष घरचा थवा नीट सांभाळून अनुभव घ्यावा आणि जवळच्या शहरातील दुकानदार कोणते मासे, किती व काय भावाने घेतात याची स्वतः चौकशी करावी. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत शोभिवंत मत्स्यपालनाचा अंतर्भाव करण्यात आला होता. चालू सवलतींची माहिती मत्स्यव्यवसाय विभागाच्या जिल्हा कार्यालयात विचारून घ्यावी. बाजाराची खात्री झाल्यावाचून कर्ज काढून टाक्या बांधू नयेत.

मासे बाहेर सोडू नयेत

हौस ओसरली किंवा पिले फार झाली म्हणून मासे विहिरीत, तलावात वा ओढ्यात सोडण्याची रीत सर्वस्वी टाळावी. काचपेटीतील माशांबरोबर रोगही बाहेर जातात. दक्षिण अमेरिकेतील सकर मासा काचपेटीची काच साफ करतो म्हणून आपल्याकडे आणला गेला; तो पुढे बाहेरच्या पाण्यात पसरला आणि उजनीसारख्या जलाशयात मच्छीमारांच्या जाळ्यांत सापडून त्यांचे नुकसान करू लागला. जास्तीचे मासे शेजाऱ्यास, शाळेस किंवा दुकानदारास द्यावेत.

समारोप

थोडक्यात सांगावयाचे तर, लांबट पेटी घ्यावी, पाणी ४ ते ६ आठवडे मुरू द्यावे, ८ ते १० माशांचा थवा एकदम आणावा, खाद्य मोजके द्यावे, आठवड्यास एक चतुर्थांश पाणी बदलावे आणि कीटकनाशकांपासून पेटी जपावी. यांतील एकही गोष्ट खर्चाची नाही. तीस फक्त धीर लागतो. पेरणीनंतर उगवण दिसेपर्यंत शेतकरी जो धीर धरतो, तोच रिकाम्या पेटीपुढे महिनाभर धरावा लागतो. त्या महिन्यात रोज चिमूटभर खाद्य टाकून पाण्याची वाट पाहणाऱ्या मुलास, मासे येण्यापूर्वीच, जिवंत वस्तू सांभाळणे म्हणजे काय याचा अर्धा धडा मिळालेला असतो. उरलेला अर्धा धडा पट्टेरी थवा एकदम वळताना पाहून त्यास मिळेल.